आत्ता म्हणजे नेमकं केव्हा?

मैत्रिणींनो, दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून ‘आत्ता’ हा शब्द निघतो, कधी मोजलंत का? ‘आत्ता वाढते’, ‘आत्ताच तर लादी पुसली’, ‘आत्ता नको, मग बघू’. गॅसवरच्या दुधाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या बाईचं ‘आत्ता’ एका क्षणाचं असतं. तेवढा चुकला की दूध ओट्यावर. ‘आत्ता कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ असं सांगून बाहेर पडणाऱ्या यजमानांचं ‘आत्ता’ तास-दीड तासाचं. आणि ‘अहो, आत्ता आत्ता तर लग्न झालं तिचं’ असं आपण जिच्याबद्दल म्हणतो, तिचा मुलगा बालवाडीत जायला लागलेला असतो. शब्द एकच, पण रबरासारखा हवा तेवढा ताणावा!

मी इथे साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सकाळचे तीन तास, सहावी आणि सातवीचे वर्ग. गेल्या वर्षी सहावीला काळ शिकवत होते. फळ्यावर नेहमीचंच वाक्य लिहिलं, ‘राम आंबा खातो’. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, वर्तमानकाळ केवढा असतो?” वर्ग खो-खो हसला. तो मात्र गंभीर होता. त्याचं म्हणणं असं, की ‘राम’ म्हणून होईपर्यंत ‘राम’ भूतकाळात गेला, ‘खातो’ अजून यायचंय. मग वर्तमानात शिल्लक राहिलं काय? मी म्हटलं, “प्रश्न छान आहे, आपण सगळेच विचार करू या.” तास संपला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. माळ्यावरच्या वह्या उतरवल्या, वाचनालयातून चार पुस्तकं आणली. त्या प्रश्नाचा मी एवढा पिच्छा पुरवला याला घरातलंच एक कारण आहे. ते पुढे सांगते.

आधी आपल्या भाषेकडेच बघा. कुणी हाक मारली की आपण जागेवरून न हलता ‘आलेऽ’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, येणं मात्र अजून व्हायचंय! मूल पलंगाच्या कडेला गेलं की आपण ओरडतो, ‘पडला, पडला!’ तो अजून पडलेला नसतो. म्हणून तर आपण धावतो. ‘उद्या मी पुण्याला जाते’ यात रूप वर्तमानाचं आणि जाणं उद्याचं. ‘परवा’ तर दोन्ही बाजूंना, गेलेला परवा आणि येणाराही परवाच. व्याकरणाच्या पुस्तकात तीन काळ मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखे वेगवेगळे असतात. बोलताना एकाच चमच्यात तिन्ही येतात. भाषेला हे बहुधा पंडितांच्या आधीच कळलं असावं.

पंडितांनीही डोकं कमी खाजवलेलं नाही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचे बिशप ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात आमच्या सहावीतल्या मुलाचाच प्रश्न विचारला आहे. गेलेलं उरलेलं नाही, येणारं आलेलं नाही आणि आत्ताच्या क्षणाला रुंदीच नाही, मग आपण वेळ मोजतो ती कशाची? त्यांचं उत्तर असं, की काळ आपण मनात मोजतो. गेल्याची आठवण, असलेल्याकडे लक्ष आणि येणाऱ्याची अपेक्षा, असे तिन्ही काळ मनातच एकत्र असतात. त्यांनी उदाहरण दिलं ते पाठ असलेल्या स्तोत्राचं. आपण तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतो ना, तसं समजा. म्हणून झालेला भाग आठवणीत, उरलेला अपेक्षेत आणि ओठांवर एकच शब्द; तरी आपण म्हणत असतो ते संपूर्ण स्तोत्र.

आपल्याकडेही पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांचं भाष्य आहे. त्यात म्हटलंय, की क्षण तेवढा खरा. दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. मुहूर्त, दिवस, रात्र या साऱ्या मोळ्या आपली बुद्धी बांधते. वाचून मला गंमत वाटली. सकाळी उठून आपण ‘दिवस’ म्हणून ज्याच्यामागे धावतो, ती आपणच बांधलेली मोळी!

आता जरा अलीकडे येऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा मोठा ग्रंथ १८९० साली निघाला. त्यांनी सांगितलं, की मनाला जाणवणारा वर्तमानकाळ हा सुरीच्या पात्यासारखा धारदार नसतो. त्याला थोडी रुंदी असते, बसायला जागा असते. गाणं ऐकताना एकेक सूर सुटा ऐकू आला असता तर चाल कळलीच नसती. नुकताच गेलेला सूर मनात रेंगाळतो, पुढचा कुठे जाणार याची चाहूल लागते, म्हणून चाल कळते. तबल्यावर तीनताल चालू असताना आपण समेची वाट बघतो आणि सम आली की मान आपोआप हलते, ती याच रुंदीमुळे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट प्योपेल यांनी ही रुंदी साधारण तीन सेकंदांची असावी असं मांडलं. हा आकडा सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही, पण वर्तमान हा ठिपका नसून लहानसा पट्टा आहे, यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे.

मग हा पट्टा कधी लांबतो आणि कधी आखडतो? याचा अनुभव आपल्याला पुस्तकाशिवायही आहे. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंतची वीस मिनिटं आणि माहेरच्या ओसरीवर बहिणींबरोबरची वीस मिनिटं, घड्याळाला सारखीच. आजारपणात तर वेळ सरता सरत नाही. हडसन होगलंड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट तुम्हांला आवडेल. त्यांची पत्नी तापानं फणफणली होती. ते औषध आणायला गेले आणि वीसेक मिनिटांत परतले, तर बाईसाहेबांची तक्रार, की तुम्ही कितीतरी वेळ लावलात! दुसरा नवरा असता तर घड्याळ दाखवून मोकळा झाला असता. यांनी तिला मनातल्या मनात सेकंद मोजायला सांगितले आणि स्वतः घड्याळ लावून बसले. ताप जितका जास्त, तितकी ती भराभर मोजत होती. तिच्या हिशेबानं मिनिट पुरं व्हायचं, तेव्हा घड्याळात ते व्हायचंच असायचं. म्हणजे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या आतलं घड्याळच पुढे धावत होतं. १९३३ साली त्यांनी यावर लेख लिहिला.

दुसरी गोष्ट मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाची. १९६२ च्या जुलैत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आल्प्स पर्वतातल्या एका खोल, बर्फगार गुहेत दोन महिने एकटा राहिला. बरोबर घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं. वर थांबलेल्या साथीदारांनी १४ सप्टेंबरला ‘मुदत संपली’ असं कळवलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच होता. पंचवीस दिवस कुठे गेले त्याचा त्यालाच पत्ता नाही! एकासारखा दुसरा दिवस, आठवणीत खूण म्हणून काही नाही. मन मोजणार तरी कशावर?

हे वाचलं आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आपल्याला खिडकी आहे, घड्याळ आहे, भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीखसुद्धा लिहिलेली आहे. तरी ‘अगं बाई, दिवाळी आली? आत्ता तर उन्हाळ्याची वाळवणं केली!’ असं आपण दरवर्षी म्हणतोच. जेम्स यांनी याचंही कारण सांगून ठेवलं आहे. नव्या, भरगच्च गोष्टींनी भरलेला वेळ जाताना भुर्रकन जातो, पण मागे वळून पाहिलं की लांबलचक वाटतो. रिकामा किंवा एकसुरी वेळ जाताना जात नाही आणि आठवणीत मात्र चिमूटभर उरतो. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवून बघा. नवं घर, नवी माणसं, नव्या चवी. केवढं मोठं वाटतं ते! आणि त्यानंतरची दहा वर्षं? एका मुठीत मावतील. रोजच्या पोळ्या कुणी मोजून आठवणीत ठेवत नाही.

आता इथे हमखास एक उपदेश येतो: ‘वर्तमानात जगा.’ सकाळी मोबाइल उघडावा तर कुणीतरी सूर्योदयाच्या चित्रावर हेच लिहून पाठवलेलं असतं. प्रवचनात तेच, योगासनांच्या वर्गात तेच. भांडी घासताना भांड्यांचाच विचार करा म्हणे! या उपदेशाला आधार अगदीच नाही असंही नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता काय करताहात, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन भरकटलेलं असताना माणसं सरासरीनं कमी सुखी होती.

खरं सांगू का? हे वाचून मला थोडी गंमतही वाटली. आपल्या पणज्या-खापरपणज्या पहाटे जात्यावर बसत, तेव्हा त्यांचं मन जात्याच्या पाळीवर होतं का हो? हात खुंट्यावर आणि मन माहेरच्या वाटेवर. भाऊ, आई, पंढरी, सासरचे जाच, लेकाचं कौतुक, सारं त्या अंधारात बसून ओव्यांमध्ये गुंफलं गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! कामावरून उडालेल्या मनाचीच ही कमाई. त्या बायकांना ‘दळताना दळणाचाच विचार करा’ असं कुणी बजावलं असतं, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

मग दोष कुठे आहे? मला वाटतं, मन फिरण्यात नाही. ते तुटण्यात आहे. आपल्या भाषेत दोन शब्द अगदी शेजारी राहतात, अवधान आणि व्यवधान. अवधान म्हणजे एकवटलेलं लक्ष. आणि व्यवधानं कशाला म्हणतात ते तुम्हांला मी सांगायला नको. जात्यावरची बाई एका सलग तंद्रीत असायची; निदान दळण होईपर्यंत तरी. आपली सकाळ बघा. कणीक मळायला हात घातला की बेल वाजते. कचऱ्याची गाडी. परत येऊन हात धुवावेत तर ‘आई, माझा सॉक्स?’ तो शोधताना आठवतं, आज फी भरायची शेवटची तारीख. ती कुठेतरी लिहावी तर कुकरची शिट्टी, कितवी होती? फोन वाजतो, ह्यांना रुमाल हवा असतो. कणीक तशीच. यातलं एकेक काम दोन मिनिटांचं, पण एकही पट्टा सलग नाही. दिवस संपतो तेव्हा आपण दमलेले असतो आणि आठवणीत मात्र काही नसतं. ‘दिवसभर काय केलंस?’ या प्रश्नाला म्हणूनच तर आपल्याला उत्तर सापडत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, कोण किती वेळ कशात घालवतं याची. घरची बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. बायकांचे पाच तास आणि पुरुषांचे दीड तासाहून थोडे अधिक. पण मैत्रिणींनो, ही हातांची मिनिटं झाली. ‘गॅस संपत आलाय’, ‘धाकट्याचं इंजेक्शन सोमवारी’, ‘वन्सं येणार, भाजणी करायला हवी’ हे दिवसभर डोक्यात धरून ठेवायचं काम कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता ते घरातलं कारण सांगते. आमच्या सासूबाईंना दोन वर्षांपासून विसर पडू लागला आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. चाळीस वर्षं एका हाती घर चालवलेली बाई. सणवार, देणंघेणं, कुणाच्या मुंजीला काय आहेर केला, सगळं तोंडपाठ. आता दुपारी खुर्चीत बसून त्या विचारतात, “किती वाजले गं?” मी सांगते, “अडीच, आई.” पाच मिनिटांनी पुन्हा, “किती वाजले गं?” मागचं फारसं राहत नाही, पुढचं दिसत नाही. उपदेशकांच्या भाषेत बोलायचं तर त्या पूर्णपणे वर्तमानात जगतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर शांती नसते हो. अनोळखी स्टेशनवर गाडी थांबावी आणि फलाटावर गावाच्या नावाची पाटीच नसावी, तसा तो चेहरा असतो.

पुस्तकांतून शोधताना मला इंग्लंडमधल्या क्लाइव्ह वेअरिंग यांची हकीकत सापडली. मोठे संगीतज्ञ. १९८५ साली मेंदूच्या आजारानं त्यांची स्मृती अशी गेली, की नवी गोष्ट काही सेकंदांपलीकडे टिकेना. ते वहीत वेळ घालून लिहीत, की आपण आत्ता पहिल्यांदा खरोखर जागे झालो. थोड्या वेळानं ती ओळ खोडून पुन्हा तेच लिहीत, कारण आधीचं जागेपण त्यांना आठवतच नसे. पत्नी डेबोरा जरा खोलीबाहेर जाऊन आली, तरी जन्मांतरीची भेट व्हावी तसे आनंदानं मिठी मारत. तिनं या सगळ्यावर २००५ साली पुस्तक लिहिलं. केवळ ‘आत्ता’ उरलं तर माणसाचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणी जवळून पाहिलं असेल? मात्र एक नवल असं, की ते पियानोवर बसले की वाजवू शकत. सुरांच्या मागे सूर येत जात आणि तेवढा वेळ त्यांचा तुटलेला काळ जोडला जाई.

आमच्या घरी हा धागा जोडायची युक्ती काढली ती माझ्या मुलीनं. ती आठवीत आहे. आजीनं वेळ विचारली की ती नुसती वेळ सांगत नाही. म्हणते, “आजी, आपली जेवणं झाली, तू आमटीला छान म्हणालीस. आता अडीच वाजलेत. बाबा सहाला येतील, त्याआधी आपण चहा घेणार.” एक मागचं, एक पुढचं, मध्ये आत्ता. सासूबाईंचा चेहरा सैलावतो. पुन्हा विचारतात, नाही असं नाही, पण जरा उशिरानं. आणि मेथीची जुडी पुढ्यात ठेवली तर त्या विचारतच नाहीत. एकेक काडी उचलायची, पानं खुडायची, देठ बाजूला. हातांना सगळं आठवतं. मीही समोर बसते. त्या मधूनच त्यांच्या आईच्या परसातल्या मेथीबद्दल बोलतात, मी ऐकते. मन माहेरी, हात मेथीत. जात्यावरच्या बायांसारखंच ना?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की घरातली बाई दिवसभर जे डोक्यात बाळगते, ते सगळ्या घराचे मागचे-पुढचे धागे असतात. काल काय उरलं, उद्या काय लागणार, कोण केव्हा येणार. ती ते धरून बसते, म्हणून बाकीच्यांना आपापला ‘आत्ता’ निवांत मिळतो. पेपर वाचता येतो, मॅच बघता येते, अभ्यास करता येतो. म्हणून ‘तू उगीच पुढची काळजी करतेस’ असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. पुढची काळजी कुणीतरी करते म्हणून डबे वेळेवर जातात! पण सगळे धागे एकटीच्या बोटांना बांधलेले असले, तर तिच्या स्वतःच्या वाट्याला ‘आत्ता’ उरत नाही. एवढंच मला म्हणायचं आहे.

यावर आमच्या घरी जे चाललं आहे ते सांगते. पटलं तर करून बघा.

पहिलं म्हणजे, डोक्यातलं भिंतीवर उतरवा. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं, की अपुरं राहिलेलं काम मनात सारखं डोकावतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं, की काम व्हायच्या आधीच मनाची टोचणी पुष्कळ कमी होते. म्हणून नुसतं ‘फी’ असं लिहू नका. ‘फी, बुधवारी, संध्याकाळी, बाबा’ असं लिहा. कामाबरोबर वार आणि नाव हवंच. आमच्या फ्रिजवर असा कागद आहे. त्यावर चौथीतल्या मुलाचंही नाव असतं. झाडांना पाणी आणि पिण्याचं पाणी भरणं त्याच्याकडे. धागा दिला म्हणजे पुरा दिला. ‘घातलंस का रे पाणी?’ असं विचारत बसलं, तर तो आपल्याच बोटाला बांधलेला राहिला.

दुसरं, रोजची एक घटका मागून घ्या. आपण सहज म्हणतो, ‘घटकाभर टेकते.’ पण घटका म्हणजे किती, ठाऊक आहे? साठ पळांची एक घटका, म्हणजे बरोबर चोवीस मिनिटं. पूर्वी लग्नघरी मुहूर्त साधायला पाण्याच्या घंगाळात तळाशी बारीक भोक असलेली वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. तशी चोवीस मिनिटं, ज्यात बेल वाजली तर दुसरं कुणी दार उघडेल. त्या वेळात काहीही करा. वाचा, पेटी वाजवा, भरतकाम करा, गच्चीत बसून मन जाईल तिकडे जाऊ द्या. काम असो की आराम, सलग असलं म्हणजे झालं. मी दुपारी साडेतीनला घेते. मुलगी शाळेतून येऊन आजीजवळ बसते. रविवारी ही पाळी ह्यांची. पहिले चार दिवस घरात ‘हे काय नवीन’ असं झालं, मग सवय झाली.

तिसरं, एकसुरी दिवसांत खुणेची गाठ मारा. फार खर्च नको. महिन्यातून एकदा न गेलेल्या वाटेनं फिरायला जा, एखादी नवी भाजी करा, जुन्या मैत्रिणीला पोस्टकार्ड टाका, नवं गाणं शिका. आम्ही एका रविवारी सकाळी सगळे अजिंक्यताऱ्यावर गेलो. सासूबाईंना जिथवर गाडी जाते तिथवर नेलं. वर्षभरात किती रविवार गेले, त्यातला तो एक मला उन्हासकट आठवतो. वर्षाची लांबी अशा गाठींवरून मोजली जाते.

आणि घरात कुणी कुरकुरलं, की ही बाईची नवी थेरं कुठून आली, तर त्यांना आपल्या लग्नाची आठवण द्या. अंतरपाटाच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. प्रत्येक मंगलाष्टक संपताना गुरुजी काय म्हणत होते? ‘सावधान.’ स-अवधान, म्हणजे लक्षासह, लक्ष देऊन. आणि हो, ते दोघांनाही म्हटलं होतं बरं का. अंतरपाटाच्या एकाच बाजूला नाही!